अर्ध्या डिक्शनरीचे साळवे

आमच्या कंपनीत इंग्रजी येणारी माणसं पुष्कळ होती. इंग्रजीत तीनदा नापास झालेला माणूस मात्र एकच, आणि नेमका तोच आम्हाला इंग्रजी शिकवायला निघाला. वामन साळवे, टायमकीपर. कोणी तोंडावर म्हणालंच की साळवे, तुम्ही तर मॅट्रिक फेल, तर ते पेन्सिल कानामागे खोचून शांतपणे सांगायचे, "तीन वेळा बसलो बाबा. म्हणजे तुमच्या पास झालेल्या सायबापेक्षा मी इंग्रजी तीनपट वाचलंय."

हा हिशेब सगळ्यांना पटायचा. मला तर पटायचाच. मी स्वतः तिसरी शिकलोय आणि तेवढं मला आजपर्यंत पुरलेलं आहे.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. तुर्भ्याच्या बाजूला आमची कंपनी होती, प्लास्टिकचे पाईप काढायची. आम्ही बरेचसे दिघ्याला राहायचो. दगडाच्या खाणीखाली चढावर पत्र्याच्या खोल्या, आणि खाली ठाणे-बेलापूर रोडवर दिवसभर ट्रक. साळवेही तिथेच, माझ्या खोलीपासून सहा घरं सोडून. मूळचे जालन्याकडचे. उंच, काटकुळे, काळी टोपी, आणि शर्टाची गळ्याची गुंडी कायम लावलेली. उन्हाळ्यात घाम निथळत असला तरी ती गुंडी निघायची नाही.

गेटच्या आत डाव्या हाताला त्यांचं केबिन. केबिन म्हणजे काय, एक खिडकी, एक घड्याळ, हजेरीच्या कार्डांचा रॅक आणि एक खुर्ची. त्या खुर्चीबद्दल सांगायला पाहिजे. लाकडी, वेताची बैठक, एक पाय जरा आखूड. त्या पायाखाली साळव्यांनी रद्द झालेली कार्डं घडी करून ठेवलेली. रोज सकाळी आल्याआल्या ते रुमाल काढून ती खुर्ची पुसायचे. आधी पाठ, मग हात, मग बैठक. घरी देव पुसतात तसं. चहा मात्र उभ्याने प्यायचे, खिडकीबाहेर तोंड काढून. मी एकदा विचारलं, बसून का पीत नाही? म्हणाले, "मोरेराव, आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारा मी पहिला. तिच्यावर चहा सांडू का?"

त्यांच्याकडे लाल-निळी पेन्सिल असायची, दोन्हीकडून टोक केलेली. वेळेवर आला तर निळी, उशिरा आला तर लाल. मॅनेजरसाहेबांचा भाचा उशिरा आला तरी लाल. एकदा बस बंद पडली म्हणून साळवे स्वतः आठ मिनिटं उशिरा आले, तर पहिलं काम काय केलं असेल? स्वतःच्या कार्डावर लाल रेघ ओढली. आणि घाई म्हणाल तर नाव नको. चालायचे ते एका चालीने. बस समोरून निघून जायला लागली तरी पाऊल उचलायचे नाहीत. "घड्याळ माझ्या हाताखाली काम करतं," म्हणायचे, "मी कशाला त्याच्या मागे लागू?"

आता डिक्शनरीचं. ठाण्याच्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी ती आणली होती. जाड, पण अर्धीच. पुढचा पुठ्ठा नाही आणि पुढची अर्ध्याहून जास्त पानंही नाहीत. पुस्तक थेट आर ह्या अक्षरापासून सुरू व्हायचं. त्यामुळे साळव्यांचं इंग्रजीही आरपासून सुरू व्हायचं. सॉल्ट, स्टेशन, टेबल, वॉटर, हे सगळं पक्कं. पण ॲपलचं स्पेलिंग विचारलं की म्हणायचे, "ते माझ्या हद्दीत येत नाही."

ह्या सगळ्याची आम्ही गंमत करायचो. मग भालेरावचं प्रकरण झालं.

आमच्याकडे पद्धत अशी होती की प्रत्येक मशीनला एक लॉगबुक. शिफ्ट संपली की त्यात मशीन कसं चाललं ते इंग्रजीत लिहायचं. ऑपरेटरला लिहिता येत नाही, म्हणून लिहायचा सुपरवायझर आणि खाली सही आमची. काय लिहिलंय ते आम्ही विचारायचो नाही आणि तो सांगायचा नाही. वर्षानुवर्षं असंच. एक दिवस भालेरावच्या मशीनवर माल जळला. हीटर बिघडला होता, सगळ्यांनी पाहिलेलं. भालेरावने नेहमीप्रमाणे सही ठोकली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी गेटवर त्याला कळलं की पंधरा दिवस कामावर यायचं नाही. बुकात लिहिलं होतं, ऑपरेटर झोपला होता. खाली त्याचीच सही, चांगली वळणदार.

त्याचं कार्ड रॅकमधून काढायचं काम साळव्यांचं होतं. त्यांनी ते काढलं. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, डबा तसाच घरी नेला. भालेरावला एवढंच म्हणाले, "स्वतःच्या सहीने स्वतःला झोपवलंस की रे."

त्यानंतर महिन्याभरात नवीन मशीनं यायची बातमी आली. साहेबांनी नोटीस लावली की नव्या मशीनवर ज्याला लॉगबुक स्वतः लिहिता येईल तोच राहील. बाकीचे लोडिंगला, म्हणजे ट्रकमध्ये पाईप चढवायला. दिघ्याचे आम्ही सहा जण होतो, सहाही बिनलिहिणारे.

साळवे मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. आत काय झालं ते शिपायाने भालेरावला सांगितलं आणि भालेरावने बाकीच्यांना. साळवे म्हणाले, एक महिना द्या, सहाही जण लिहितील. साहेब हसले. म्हणाले, "आणि नाही लिहिलं तर?" तर साळवे म्हणाले, "एकजण जरी राहिला तर त्याच्याबरोबर मीही लोडिंगला जाईन. खुर्ची सोडतो." साहेबांनी ते थट्टेवारी नेलं नाही. कागदावर लिहून घेतलं.

ही गोष्ट मला सोडून सगळ्यांना माहीत होती. मला कोणी सांगितली नाही, कारण शिकायला जाणार नाही असं मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. मी बारा वर्षं मशीनवर काढलेली. आवाजावरून सांगायचो कुठलं बेअरिंग जाणार आहे. आता ह्या वयात पाटी घेऊन बसू? लोडिंग तर लोडिंग. खांदे आहेत.

वर्ग भरायचा आमच्या चढावर, खाणीच्या दगडांच्या ढिगापाशी, पहिली शिफ्ट सुटल्यावर चार वाजता. पाटी म्हणजे पत्र्याचा एक टाकाऊ तुकडा, त्याला काळा रंग मारलेला. खडू कंपनीचा, पाईपवर साईज लिहायचा. साईजबरोबर मार्काही लिहायचा असायचा, त्यापायी एबीसीडीची अक्षरं सगळ्यांना ओळखीची होती. पुढे काहीच नव्हतं.

पहिल्या दिवशी साळव्यांनी पत्र्यावर तीन अक्षरं काढली. रन.

"हा शब्द," ते म्हणाले. "महिनाभर हाच. दुसरा नाही."

ऐरोलीकडच्या गावातला धर्मा पाटील पुढे बसला होता. तो दिघ्याला सासुरवाडीला राहायचा. तो म्हणाला, "एकच? मंग पगार पन एकच दिवसाचा देतील, मास्तर."

"एकच, पण पक्का," साळवे म्हणाले. त्यांनी अर्धी डिक्शनरी उघडली आणि सगळ्यांसमोर धरली. "बघा. बाकीच्या शब्दांना दोन ओळी, चार ओळी. आणि ह्या पठ्ठ्याला अडीच पानं! एवढा मोठा कुटुंबकबिला दुसऱ्या कोणाचा नाही. ह्या एकाशी सोयरीक केली की निम्मं इंग्रजी आपल्या घरात आलं."

"ह्याचा अर्थ काय पण?" भालेराव.

"पहिला अर्थ धावणे. तो मी शिकवणार नाही. तो तुम्हाला येतो, जन्मल्यापासून तेच करायलात. दुसऱ्यापासून सुरू करू."

आणि मग सुरू झालं. मशीन चालणं, रन. मशीन चालवणं, तेही रन. काल चाललं, तर रॅन. माल संपत आला, रन शॉर्ट. संपला, रन आऊट. पंपात पाणी नाही, रन ड्राय. मोटर तापली, रन हॉट. चालवून बघितलं, ट्रायल रन. पाणी सोडणं, रन. लॉगबुकात जे जे लिहावं लागतं ते सगळं त्या एका शब्दात बसत होतं; पंप, वॉटर, ओपन असले बाकीचे शब्द मशीनवर आणि पाट्यांवर लिहिलेलेच होते, ते बघून उतरवायचे. मला हे कसं ठाऊक? सांगतो. मी वर्गात नव्हतो. मी वर्गापासून दहा पावलांवर एका दगडावर बसून चप्पल शिवत होतो. तो दगड माझा नेहमीचा. वर्ग तिथे भरला ह्यात माझा काय दोष?

साळव्यांचा नियम होता की रोज प्रत्येकाने आपल्या घरातून एक रन शोधून आणायचा. मग काय, सगळ्या चढावर खूळ लागलं. भालेरावची बायको धुणं धुताना ओरडली, नवीन लुगड्याचा रंग गेला. भालेराव तसाच ओल्या पायाने पळत आला, "साळवे, रंग उतरला तर रन का?" डिक्शनरीत बघितलं, निघाला! त्या दिवशी भालेरावला शाबासकी आणि त्याच्या बायकोला लुगड्याचं दुःख. कोणी पोराचं वाहतं नाक आणलं. कोणी किराणा दुकान चालवणारा शेट आणला. कोणी निवडणुकीला उभा राहिलेला आपला मेव्हणा आणला. तोही पास झाला. निवडणुकीत नाही, वर्गात.

धर्माने एकदा विचारलं, "मास्तर, ह्यो खालचा रस्ता ठान्याशी बेलापूरला जातो, त्यो?"

साळव्यांनी पान उलटलं. "तोही रन. रस्ता पण रन करतो."

"करतोच!" धर्मा म्हणाला. "आमचे शेतानशी गेला आन् जमीन घेऊन पलाला. अजून घावला नाय."

हसून हसून सगळे आडवे. साळवेही हसले, पण मग त्यांनी ते वाक्य धर्माकडून पत्र्यावर लिहून घेतलं, आणि दोन दिवस पुसू दिलं नाही.

ह्याच धर्माने पुढे स्वतःच्या हाताने रजेचा अर्ज लिहिला. बफेलो रन. आय रन बफेलो. टू डे लीव. म्हणजे म्हैस सुटलीय, तिच्या मागे जायचंय, दोन दिवस रजा. अर्ज आधी साळव्यांच्या खिडकीत आला. "अरे, तू म्हैस चालवायलास का? स्टार्टर कुठे आहे तिचा?" पण त्यांनी एक अक्षर दुरुस्त केलं नाही. तसाच आत पाठवला. साहेबांनी मंजूर केला. माझ्या आठवणीत ऑफिसातून हसण्याचा आवाज गेटपर्यंत आला तो त्याच दिवशी.

माझी चप्पल काही शिवून होत नव्हती. पंधरा दिवस झाले, एकच चप्पल. साळवे मला कधी बोलावत नव्हते. येता-जाता फक्त विचारायचे, "काय मोरेराव, चप्पल रनिंग का?" मी म्हणायचो, "तुम्हाला काय करायचंय?" एवढंच संभाषण. मात्र एक दिवस माझ्या लक्षात आलं की पत्रा फिरलाय. आधी तो ढिगाला टेकवून सरळ ठेवलेला असायचा. आता तिरका होता. वर्गातले पाचजण मान वाकडी करून वाचत होते आणि माझ्या दगडावरून तो अगदी समोर दिसत होता. धर्मा कुरकुरला, "मास्तर, मना काय दिसत नाय." साळवे म्हणाले, "ऊन चमकतंय पत्र्यावर. राहू दे असाच." त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

मी उठून जायला पाहिजे होतं. नाही गेलो. घरी मागच्या भिंतीवर कोळशाने लिहून बघायला लागलो. बायको म्हणाली, भिंत कशाला खराब करताय? म्हटलं, हिशेब आहे, तुला कळणार नाही.

महिना संपायच्या आदल्या दिवशी भालेरावने मला गाठलं. "मोरे, उद्या साहेब स्वतः येणार बघायला. तू लिहिणार ना?"

"मी सांगितलंय मी लोडिंगला जाणार."

"तू एकटा नाही जाणार." मग त्याने मला खुर्चीची गोष्ट सांगितली.

मला राग आला. भयंकर राग आला. म्हटलं, "मी सांगितलं होतं का त्यांना खुर्ची पणाला लावायला? कोणाला विचारून लावली?"

"तेच त्यांना विचार," भालेराव म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर गेलो तेव्हा साळवे खुर्ची पुसत होते. आधी पाठ, मग हात, मग बैठक. माझ्याकडे बघून म्हणाले, "निळी, मोरेराव. टायमावर." त्या माणसाच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

त्या दिवशी सव्वाअकराच्या सुमाराला माझ्या मशीनचा आवाज बदलला. पाईप तोंडातून गरम निघतो, तो पाण्याच्या टाकीतून जाऊन थंड व्हावा लागतो. पाणी नसेल तर त्याची कुरडई होते. बघतो तर टाकीत पाणी नाही, पंप कोरडा फिरतोय. मी धावत मागे गेलो. तिथे आमचा सुपरवायझर. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून, सगळं प्रेशर नळीला घेऊन, स्वतःची नवीन स्कूटर धूत होता. मी सरळ पुढे झालो. व्हॉल्व्ह उघडला आणि परत आलो. मागे स्कूटर साबणासकट तशीच राहिली.

तीन वाजता साहेब आले. मागे सुपरवायझर, आणि दाराशी साळवे टोपी हातात घेऊन उभे. टोपी मी त्यांच्या डोक्यावरून उतरलेली प्रथमच बघितली. पाचजणांनी आपापलं बुक लिहिलं. साहेब वाचत गेले, मान हलवत गेले. धर्माचं वाचताना मिशीत हसले. मग माझ्यापाशी आले.

सुपरवायझर पुढे झाला. "सर, ह्याला येत नाही. ह्याचं मी लिहितो. आज ह्याच्याकडून माल खराब झालाय, निष्काळजीपणा."

मी पेन त्याच्या हाताखालून ओढलं. सगळे बघत होते. वेळ लागला मला, खोटं सांगत नाही. एकेक अक्षर पाईपच्या साईजसारखं ठळक काढलं. पम्प रॅन ड्राय. सुपरवायझर रन वॉटर टू स्कूटर. आय रन. आय ओपन. नाऊ रनिंग ओके. खाली सही.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. खिडकीपाशी जाऊन बाहेर बघितलं. स्कूटर तिथेच होती, साबण वाळून पांढरा झालेला. सुपरवायझरचा चेहरा त्याच रंगाचा.

साहेब वळले ते साळव्यांकडे. "हे तुम्ही पाठ करून घेतलंत?"

"नाही साहेब," साळवे म्हणाले. "ह्या मोरेरावांना मी एक अक्षर शिकवलेलं नाही. त्यांनाच विचारा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "मला कोणी शिकवलं नाही."

साळव्यांनी टोपी घातली, नीट सारखी केली आणि केबिनकडे चालायला लागले. पाठ होती आमच्याकडे, पण खांदे हलत होते. धर्मा नंतर म्हणाला रडत होते. मी सांगतो, हसत होते. मी ओळखतो तो माणूस.

त्यानंतर आमच्या खात्यात एकाही ऑपरेटरचं बुक दुसऱ्याने लिहिलं नाही. साहेबांनी तो करारही फाडून टाकला. साळव्यांनी त्याचे तुकडे मागून घेतले आणि खुर्चीच्या आखूड पायाखाली घातले, तेव्हापासून ती हलायची बंद झाली. दिघ्याला त्यांचा वर्ग चालूच राहिला. पुढल्या वर्षी सेट घेतला, मग टेक. सगळे त्यांच्या हद्दीतले. मी काही वर्गात बसलो नाही. चपला मात्र बऱ्याच शिवल्या.

ऐंशीच्या पुढे काही वर्षांनी ते रिटायर झाले. औरंगाबादेला मुलाकडे जायचं होतं, म्हणून साहेबांनी दोन वाजताच सोडलं. निरोपाला काय द्यायचं ह्यावर खूप चर्चा झाली. घड्याळ नको, ते आयुष्यभर बघत आलेत. शेवटी मीच साहेबांकडे गेलो आणि खुर्ची मागितली. साहेब म्हणाले, ती मोडकी? म्हटलं, तीच. साळव्यांना दिली तेव्हा त्यांनी रुमाल काढला आणि पुसायला लागले. खुर्चीच पुसली. मग म्हणाले, "ही घेऊन एसटीत कसा चढू रे?"

माझं मशीन चालू होतं, मला गेटपर्यंत जाता आलं नाही. खिडकीतूनच बघितलं. साळव्यांनी रॅकमधून स्वतःचं कार्ड काढलं, एक तास आधी चाललो म्हणून त्यावर लाल रेघ ओढली, आणि बाहेर पडले. काखेत अर्धी डिक्शनरी, डोक्यावर खुर्ची उलटी, तिचे चार पाय आभाळात. आपल्या नेहमीच्या चालीने निघाले. तेवढ्यात रोडवर बस आली, थांबली, आणि सुटायला लागली.

आणि साळवे धावले. हो, साळवे! एका हाताने खुर्ची धरलेली, दुसऱ्याने डिक्शनरी वर करून हलवतायत, टोपी खुर्चीच्या खाली कुठेतरी, गळ्याची गुंडी लावलेली, आणि हे लांब लांब पाय टाकत ट्रकच्या धुळीतून धावतायत. गेटवरचे सगळे ओरडत होते, "साळवे, पळा! साळवे, पळा!" कंडक्टरने दारातून वाकून आधी खुर्ची घेतली, मग साळव्यांना घेतलं. बस वळेपर्यंत मागच्या काचेतून खुर्चीचा एक पाय दिसत होता, आखूडवाला.

मी आत वळलो. लॉगबुक उघडलं, वेळ टाकली आणि लिहिलं. साळवे रॅन. मशीन रनिंग ओके. माय टीचर. खाली सही.